खवल्या मांजराचं गोत

खवल्या मांजर हे मांजर नाही, हे रोह्याच्या डोंगरातल्या कुठल्याही वाडीवरच्या माणसाला ठाऊक असतं. त्याला मिशा नाहीत, ते म्यांव करत नाही, झाडावरच्या पाखरामागे लागत नाही. रात्री बिळातून निघतं, वारूळ उकरतं, लांब चिकट जिभेनं मुंग्या आणि वाळवी खातं आणि कुणाची चाहूल लागली की वेटोळं करून गप्प पडतं. अंगावर मंगलोरी कौलांसारखे एकावर एक बसलेले खवले. तरी आपल्याकडे त्याला मांजर म्हणतात. हिंदीतलं त्याचं एक जुनं नाव बजरकीट, म्हणजे वज्रकीट, वज्रासारख्या अंगाचा किडा. मलाय भाषेत ‘गुंडाळी होणारा’ अशा अर्थाचा शब्द आहे, त्यावरून इंग्रजीत पँगोलिन झालं. कुणी किडा म्हटलं, कुणी गुंडाळी, कोकणातल्या माणसानं मांजर.

मी उर्दू आणि मराठी अशा दोन्ही माध्यमांच्या मुलांना शिकवते. एका वर्गात मुलं मला आपा म्हणतात, दुसऱ्यात मॅडम. दोन्हीकडे मात्र हा प्राणी आला की सारखीच पंचाईत होते. उर्दूत दक्षिण अमेरिकेतला लांब तोंडाचा, केसाळ प्राणी म्हणजे चींटीख़ोर, आणि आपला खवलेवालाही चींटीख़ोरच. मराठीत तो मुंगीखाऊ आणि हाही मुंगीखाऊ. मग मुलं साहजिकच धरून चालतात की हे चुलत भाऊ असणार. धंदा एक, नाव एक, म्हणजे घराणं एक.

आपल्या कोकणात तरी हा हिशेब चालू नये. मुकादम आडनावाची दोन घरं एका मोहल्ल्यात असली तरी ती एका आजोबांची असतीलच असं नाही. आणि खोत तर हिंदूंतही आहेत, मुसलमानांतही. आडनाव कामावरून पडलं, रक्तावरून नाही. प्राण्यांच्या बाबतीत हेच समजायला युरोपातल्या विद्वानांना जवळजवळ दीडशे वर्षं लागली.

त्यांच्या कितीतरी आधी नवव्या शतकात बसऱ्याच्या अल-जाहिज़नं ‘किताब अल-हयवान’ हा मोठा ग्रंथ लिहिला. त्यानं प्राण्यांचे गट पाडले ते चालीवरून: चालणारे, उडणारे, पोहणारे, सरपटणारे. पुढे चौदाव्या शतकात इजिप्तच्या अद-दमीरीनं प्राण्यांचा कोश केला आणि प्राणी सरळ अक्षरांच्या क्रमानं लावले. मला दमीरीची पद्धत आवडते. त्यात कोण कुणाचा नातलग असा दावाच नाही, त्यामुळे चुकण्याचीही भीती नाही. दावा केला तो स्वीडनच्या कार्ल लिनिअसनं. नातं म्हणजे समान पूर्वज असं त्याच्या मनात नव्हतं; तो निर्मितीतली व्यवस्था शोधत होता. पण आज आपण ज्याला वर्गीकरण म्हणतो त्याची मांडणी त्याचीच.

१७५८ साली आलेल्या त्याच्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत ‘ब्रुटा’ नावाचा एक गण आहे. शब्दाचा अर्थ जड, मठ्ठ. या गणात त्यानं हत्ती घातला, पाण्यातली मॅनटी घातली, झाडाला उलटा लटकणारा स्लॉथ घातला, अमेरिकेतला मुंगीखाऊ घातला आणि आपलं खवल्या मांजरही घातलं. आर्माडिलो मात्र तेव्हा डुक्कर आणि चिचुंद्र्यांच्या सोबत होता. पुढच्या, १७६६ च्या आवृत्तीत तोही इकडे आला. या सगळ्यांना बांधणारा धागा एकच: यांना पुढचे पटाशीचे दात नाहीत. हत्तीचे सुळे म्हणजे खरं तर वाढलेले पटाशीचे दातच आहेत, पण ते तेव्हा धरले गेले नाहीत.

नंतर फ्रान्समध्ये हत्ती आणि मॅनटी बाहेर काढले गेले आणि उरलेल्यांना नवं नाव मिळालं, ‘एडेंटाटा’. आपल्या भाषेत सांगायचं तर बोळके. अठराव्या शतकाच्या अखेरीस जॉर्ज क्युव्हिए या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञानं हे नाव रूढ केलं. गंमत अशी की या गटात खरे बोळके दोनच, मुंगीखाऊ आणि खवल्या मांजर. स्लॉथला पानं चावायला दाढा आहेत. आणि मोठ्या आर्माडिलोच्या तोंडात ऐंशी ते शंभर दात असतात. जमिनीवरच्या सस्तन प्राण्यांत याहून जास्त दात कुणाला नाहीत. बोळक्यांच्या यादीत सगळ्यात जास्त दातांचा धनी बसलेला!

गट काय असण्यावरून केला तर तो टिकण्याची शक्यता असते. काय नसण्यावरून केला की त्यात कुणीही येऊन बसतो. आपल्या महाराष्ट्रातल्या जंगलातलं अस्वलही येऊन बसलं होतं. ब्रिटिश म्युझियमच्या जॉर्ज शॉनं १७९१ मध्ये भारतातल्या अस्वलाचं वर्णन केलं आणि त्याचं नाव ठेवलं ‘ब्रॅडिपस अर्सिनस’, म्हणजे अस्वलासारखा स्लॉथ. कारणं दोन. याची नखं लांब आणि बाकदार, स्लॉथसारखी. आणि वरच्या पटाशीच्या दातांपैकी मधले दोन नाहीत. ती दोन दातांची फट त्याला वाळवी ओढून घ्यायला उपयोगी पडते, पण शॉला तीत बोळक्यांच्या गणाचं दार दिसलं. काही वर्षांत कळलं की हे अस्वलासारखं दिसतं कारण ते अस्वलच आहे. नाव बदलून ‘मेलर्सस’ झालं, पण नियमानुसार दुसरा शब्द तसाच राहिला. म्हणून आजही शास्त्रीय नावात आपलं अस्वल ‘अस्वलासारखं’ आहे आणि इंग्रजीत ‘स्लॉथ बेअर’. इंग्रजीतून मराठीत आणलेल्या मजकुरात मी ‘आळशी अस्वल’ असंही वाचलं आहे. ज्यानं कुणी असं लिहिलं त्याला डोंगरात अस्वलाच्या पुढे पळायला लागलेलं दिसत नाही.

याच्या बरोबर उलट घोटाळा सहा वर्षांनी अमेरिकेत झाला. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या थॉमस जेफरसनकडे एका गुहेत सापडलेली प्रचंड नखं आणि पायाची हाडं आली. त्याला वाटलं, हा सिंहाच्या तिप्पट मोठा कुणी शिकारी प्राणी असणार. १७९७ मध्ये त्यानं त्याला ‘मेगॅलोनिक्स’, महानखी, असं नाव देऊन निबंध सादर केला. ती नखं निघाली स्लॉथची, पण झाडावरच्या नव्हे, जमिनीवर चालणाऱ्या बैलाएवढ्या स्लॉथची. इकडे अस्वलाच्या नखांवरून स्लॉथ ओळखला गेला, तिकडे स्लॉथच्या नखांवरून सिंह. नखं, दात आणि कातडं बघून गोत सांगू नये याचा एवढा चांगला धडा मला दुसरा माहीत नाही.

क्युव्हिएच्या बाजूनं एक गोष्ट सांगायला हवी. आर्जेंटिनातल्या लुहान गावाजवळ १७८७-८८ च्या सुमारास हत्तीएवढ्या प्राण्याचा सांगाडा सापडला आणि तो माद्रिदला पाठवला गेला. स्पेनच्या राजानं यावर ‘असा एक जिवंत पाठवा, लहानसा असला तरी चालेल’ असं कळवल्याचं सांगतात. क्युव्हिएनं तो सांगाडा डोळ्यांनी पाहिलाही नव्हता. पॅरिसमध्ये बसून चित्रांवरून १७९६ मध्ये त्यानं सांगितलं की हा स्लॉथचा नातलग आहे, आणि असा प्राणी आता पृथ्वीवर नाही. एखादी जात कायमची नाहीशी होऊ शकते ही कल्पना तेव्हा बहुतेकांना मान्य नव्हती. ‘मेगाथेरिअम’ या नावानं तो सांगाडा प्रसिद्ध झाला. म्हणजे बोळक्यांचं गाठोडं बांधणाऱ्यानंच त्या गाठोड्यातली एक खरी नात्याची गाठ सर्वात आधी ओळखली होती.

इंग्रज अमलात आपल्याकडचे प्राणी त्याच गाठोड्यातून आले. जर्डनचं १८६७ मधलं भारतीय सस्तन प्राण्यांवरचं पुस्तक आणि ब्लॅनफर्डनं १८९१ मध्ये पुरा केलेला ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’चा सस्तन प्राण्यांचा भाग ही तेव्हाची प्रमाण पुस्तकं. दोन्हींत आपलं खवल्या मांजर एडेंटाटामध्ये आहे. दोघांनीही देशी नावं मात्र आस्थेनं टिपली आहेत, आणि मराठी नावांत ‘मांजर’ येतंच. वर लॅटिनमध्ये एक नातं लिहिलंय, खाली मराठीत दुसरं.

गाठोडं सुटायला लागलं ते त्याच काळात. लंडनच्या विल्यम फ्लॉवरनं १८८२ मध्ये लिहिलं की या गणातले अमेरिकेतले प्राणी आणि जुन्या जगातले प्राणी यांचा आतून काहीच मेळ बसत नाही. आतून म्हणजे काय, हे मुलांना सांगताना मी पेणचे गणपती घेते. पेणच्या कारखान्यात एकाच साच्यातून निघालेल्या दोन मूर्तींपैकी एकीला पीतांबर पिवळा दिला आणि दुसरीला जांभळा, एकीला फेटा चढवला, तरी मागून साच्याची रेघ बघणारा कारागीर सांगतो की या एकाच साच्याच्या. आणि वेगवेगळ्या साच्यांतल्या दोन मूर्तींना एकच रंग, एकच दागिने दिले तर गिऱ्हाईक फसेल, कारागीर फसणार नाही. मुंगीखाऊपणा हा रंग आहे. वाळवी खायची तर लांब जीभ हवी, वारूळ फोडायला नखं हवीत, आणि चावायचं काही नसल्यामुळे दात निकामी होतात. हा रंग निसर्गानं ऑस्ट्रेलियात, आफ्रिकेत, आशियात आणि दक्षिण अमेरिकेत वेगवेगळ्या साच्यांवर चढवला आहे.

अमेरिकन मंडळींच्या साच्याची रेघ सापडली पाठीच्या कण्यात. स्लॉथ, मुंगीखाऊ आणि आर्माडिलो या तिघांच्या कमरेच्या मणक्यांना इतर सस्तन प्राण्यांत नसलेले जादा सांधे आहेत. स्लॉथमध्ये ते बरेच पुसट झालेत, तरी खूण राहिली आहे. यावरून अमेरिकेच्या कोपनं १८८९ मध्ये त्यांना ‘झेनार्थ्रा’ हे नाव दिलं, म्हणजे परक्या सांध्यांचे. खवल्या मांजराला असे सांधे नाहीत. १९०४ मध्ये वेबरनं त्याला ‘फोलिडोटा’, खवलेवाले, या स्वतंत्र गणात बसवलं. कवचाचंही तसंच. आर्माडिलोचं चिलखत हाडाचं आहे, कातडीत तयार झालेल्या हाडाच्या तुकड्यांचं, वर शिंगासारखा थर. आपल्याकडच्याच्या खवल्यांत हाड नाहीच. ते निव्वळ केराटिन, आपल्या नखांत असतं ते. लांबून दोघेही चिलखतवाले. जवळ गेलं तर एकाचं चिलखत हाडाचं आणि दुसऱ्याचं नखांचं.

मग हे मूळचे कुठले? रोह्याच्या, पेणच्या डोंगरांचा जो काळा दगड आपण रोज बघतो तो साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. तो वाहत होता तेव्हा आपला भूखंड समुद्रात एकटाच उत्तरेकडे सरकत होता. साधारण त्याच सुमाराला, तिकडे दक्षिण अमेरिकेत, आर्माडिलोंचा फाटा स्लॉथ आणि मुंगीखाऊंच्या फाट्यापासून वेगळा झाला. दक्षिण अमेरिकाही पुढे अंटार्क्टिकापासून तुटली आणि कोट्यवधी वर्षं बेट होऊन राहिली. त्या बेटावर या घराण्याला हवं तसं वाढायला मिळालं. हत्तीएवढे स्लॉथ झाले. आर्माडिलोचे नातलग ‘ग्लिप्टोडॉन’ झाले, छोट्या मोटारीएवढे, पाठीवर हाडाचा घुमट घेऊन चरणारे. सुमारे तीस लाख वर्षांपूर्वी पनामाची जमीन वर येऊन दोन्ही अमेरिका जोडल्या गेल्या तेव्हा यांतले काही उत्तरेला गेले. जेफरसनच्या महानखीचे पूर्वज मात्र त्याच्याही आधी तिकडे पोहोचले होते. मुख्य भूमीवरचे हे राक्षस दहा-बारा हजार वर्षांपूर्वीच्या सुमारास, माणूस तिथं पोहोचल्यानंतर, संपले. क्युबा बेटावर मात्र जमिनीवरचे स्लॉथ साधारण साडेचार हजार वर्षांपूर्वीपर्यंत होते. मोहेंजोदडोत विटांची घरं उभी राहत होती, त्या सुमाराला.

खवल्या मांजराचे पूर्वज मात्र या बेटावर कधीच नव्हते. जर्मनीत मेसेल नावाची खाण आहे. तिथल्या सुमारे पावणेपाच कोटी वर्षांपूर्वीच्या दगडात पँगोलिनचा पूर्वज अख्खा सापडला आहे. आता युरोपात एकही पँगोलिन नाही. आठ जाती उरल्या आहेत, चार आशियात आणि चार आफ्रिकेत. त्याच मेसेलमध्ये आणखी एक सांगाडा निघाला, बिनखवल्यांचा, लांब तोंडाचा. १९८१ मध्ये त्याला ‘युरोटामांडुआ’ म्हणजे युरोपातला मुंगीखाऊ असं नाव दिलं गेलं, आणि दक्षिण अमेरिकेतला प्राणी युरोपात कसा आला यावर भरपूर कागद खर्च झाला. नंतर मणके नीट तपासल्यावर परके सांधे सापडेनात. आता बहुतेक अभ्यासक त्याला पँगोलिनच्या बाजूचा मानतात. शॉनंतर दोनशे वर्षांनीही तोच रंग पाहून तीच फसगत!

उत्क्रांतीचा विषय काढला की आमच्या ओळखीतले काही जण जरा सावरून बसतात. त्यांना मी एवढंच म्हणते की अल-जाहिज़नंही आधी प्राणी पाहिले, मग लिहिलं. आपणही आधी हाडं बघू.

हाडांच्या पुढची साक्ष २००१ च्या सुमाराला आली, डीएनएची. तिनं सस्तन प्राण्यांची मांडणीच हलवली. झेनार्थ्रा ही एक स्वतंत्र मोठी शाखा ठरली. आफ्रिकेतला वाळवी खाणारा आर्डवार्क, जो एकेकाळी याच बोळक्यांत होता, तो हत्ती आणि मॅनटीच्या शाखेत गेला. म्हणजे लिनिअसच्या जुन्या गणातल्या हत्ती-मॅनटीची जोडी योगायोगानं का होईना खरी निघाली. आणि खवल्या मांजर? त्याचे सगळ्यात जवळचे जिवंत नातलग आहेत मांसाहारी गणातले प्राणी: कुत्रे, कोल्हे, मुंगूस, अस्वल, वाघ आणि मांजर. मेंदूचे दोन भाग वेगळे करणारा पडदा या दोन्हींत हाडाचा झालेला असतो, ही त्यांची कवटीतली एक सामाईक खूण. शॉचं अस्वल आणि लिनिअसचं खवल्या मांजर हे दोघं चुकीच्या घरात एकत्र राहत होते, पण एकमेकांचे लांबचे नातलग मात्र होते.

कोकणातल्या माणसानं कवटी फोडून पाहिली नव्हती, त्यामुळे ‘मांजर’ या नावाला शास्त्र म्हणणं खोटं होईल. चार पायांवर दबकत रात्री फिरणारं, आकारानं मांजराच्या आसपासचं, म्हणून मांजर. आपण काळमांजरालाही मांजर म्हणतोच. तरीही ‘मांजर नाही तर मांजर का म्हणतात?’ असं विचारणाऱ्या मुलाला मी आता सांगते की अमेरिकेतल्या मुंगीखाऊपेक्षा तुझ्या आजीची मनी त्याला जास्त जवळची आहे. वर्गात पाच मिनिटं गोंधळ होतो आणि ते कुणी विसरत नाही.

स्लॉथांचं घरही अजून नीट लागलेलं नाही. दोन बोटांचा आणि तीन बोटांचा असे दोन स्लॉथ आज झाडांना सारखेच उलटे लटकतात. २०१९ मध्ये नामशेष स्लॉथांच्या हाडांतल्या प्रथिनांचा आणि डीएनएचा अभ्यास आला. त्यानुसार तीन बोटांचा जेफरसनच्या महानखीच्या बाजूचा आणि दोन बोटांचा दुसऱ्याच, मायलोडॉनच्या घराण्यातला. उलटं लटकणं दोघांनी आपापलं शिकून घेतलं.

आपल्या खवल्या मांजराला मात्र हे घर कोणतं, याची चर्चा करायला फार वेळ उरलेला नाही. सिंहानं पंजा मारला तरी उलगडत नाही असं ते वेटोळं माणसापुढे कुचकामी आहे. माणूस ते सरळ उचलून पोत्यात टाकतो. लीड्सच्या शस्त्रसंग्रहालयात पँगोलिनच्या खवल्यांचा सोनेरी नक्षीचा एक अंगरखा आहे, १८२० मध्ये हिंदुस्थानातून इंग्लंडच्या राजाला, तिसऱ्या जॉर्जला, नजर केलेला. तेव्हा ती शोभेची वस्तू होती. आता खवले किलोवर जातात, आणि त्यामागे समज हा की त्यांत औषध आहे. मूळव्याधीवर खवल्याची अंगठी घालणारी माणसं आपल्याकडेही आहेत. गल्ल्यात खवला ठेवला की बरकत येते असं सांगणारा एक दुकानदार मला भेटला. त्याला मी म्हटलं, चाचा, मग नेलकटरचा कचरा गल्ल्यात ठेवा, माल तोच आहे. ते हसले, पण खवला काढला नाही.

२०१६ च्या जोहान्सबर्ग परिषदेत आठही जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदीचा निर्णय झाला. २०२० मध्ये चीननं आपल्या अधिकृत औषधसूचीतून खवले काढले. आपल्याकडे हा प्राणी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या बरोबरीनं. मारला किंवा खवले विकले तर तीन ते सात वर्षं कैद. चिपळूणची सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था कोकणात त्याच्यासाठी काम करते. २०२० च्या फेब्रुवारीत चिपळूण तालुक्यातल्या डुगवे गावात खवलोत्सव झाला आणि खवल्या मांजराची प्रतिकृती पालखीत बसली. ज्याची भीती आणि लालूच दोन्ही होती, त्याला गावानं पाहुण्याचा मान दिला.

पावसाच्या आधी वारुळांच्या मागावर ते कधी कधी वस्तीपर्यंत येतं. अंगणात दिसलं तर ते चावणार नाही; चावायला दात नाहीत. कुत्री बांधा, दिवे आणि मोबाइल बाजूला ठेवा, पोरांना मागे घ्या आणि त्याला वाट द्या. जखमी असेल, किंवा कुणी पोतं घेऊन आलेलं दिसलं, तर वन विभागाचा नंबर १९२६.